अडकलेला इंटरप्ट: टेस्ट रिगच्या ड्रायव्हरच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

लॅबमधून आलेली तक्रार आधी जशीच्या तशी उतरवून ठेवतो. शॉक ॲब्सॉर्बर तपासायच्या मशीनवर, म्हणजे रिगवर, दिवाळीच्या सुट्टीत नवीन पीसी बसवला. तेव्हापासून रीबूटनंतरची पहिली टेस्ट एकदम व्यवस्थित होते, मग पुढे कधीतरी, कधी दुसऱ्याच टेस्टला तर कधी पार संध्याकाळी, ग्राफ तुटक यायला लागतो आणि एकदा तुटायला लागला की रीबूट करेपर्यंत सगळ्याच टेस्ट तुटक. लॅबमधल्या काकांनी स्वतःच शोधून काढलंय की रीबूटचीही गरज नाही, डेटा घेणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) मॉड्यूल काढून परत टाकलं तरी गाडी रुळावर येते. हे त्यांनी सांगितलं ते फार बरं झालं कारण यातून बऱ्याच गोष्टी लगेच बाद होतात. सेन्सर, केबल, ॲम्प्लिफायर यांतलं काही बिघडलं असतं तर मॉड्यूल परत टाकून फरक पडला नसता.

सेटअप असा. कार्ड जुनं, ३२-बिट साधं पीसीआय (पीसीत कार्ड लावायची जुनी पद्धत), ८ चॅनल, १६-बिट, प्रत्येक चॅनल सेकंदाला १०,००० सॅम्पल, म्हणजे एकूण ८०,०००. कार्डावर ४,०९६ सॅम्पलचा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारा बफर) आहे, तो अर्धा भरला की कार्ड इंटरप्ट देतं, म्हणजे सीपीयूला 'इकडे बघ' असा इशारा, आणि ड्रायव्हर फिफो वाचून रिकामा करतो. कार्ड बदलायचं म्हटलं तर अख्ख्या रिगचं कॅलिब्रेशन परत करावं लागणार आणि त्याचं बजेट एप्रिलशिवाय नाही, तेव्हा कार्ड हेच राहणार. जुना पीसी गेला त्यात पीसीआय स्लॉट थेट चिपसेटवर होता. नवीन बोर्डावर स्लॉट दिसायला तोच पण मागे पीसीआय-एक्सप्रेस टू पीसीआय ब्रिज चिप आहे, नव्या पीसीआय-एक्सप्रेसला जुनं पीसीआय जोडणारी. इंटेलने २०११ च्या ६-सिरीजपासून घरगुती चिपसेटमधून पीसीआय काढून टाकलं, तेव्हापासून बहुतेक बोर्डांवर पीसीआय स्लॉट हवा असेल तर असा ब्रिजच असतो. बोर्ड कुणाचं, ब्रिज कुणाचा हे इथे लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. ओएस डेबियन १३ (लिनक्स), त्याचा गाभा म्हणजे कर्नल ६.१२.

डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडलं तर कारण समोरच आहे. 'आयआरक्यू १७: नोबडी केअर्ड' (१७ नंबरच्या इंटरप्ट लाइनची कुणी दखल घेतली नाही), खाली स्टॅक ट्रेस, त्याखाली दोन हँडलर (इंटरप्ट आला की चालणारी फंक्शन), एक आमच्या ड्रायव्हरचा, दुसरा बोर्डावरच्या एसएमबस (सेन्सर वगैरेंशी बोलणारी छोटी बस) कंट्रोलरचा, आणि शेवटी 'डिसेबलिंग आयआरक्यू #१७'. वेळ बघितली तर हा मेसेज टेस्ट चालू असताना आलेला नाही, टेस्ट संपल्यावर अर्ध्या-एक सेकंदात आलाय. दोन-तीन वेळचे लॉग ताडून बघितले, दरवेळी तसंच. हे विचित्र आहे, उद्या यावरून सुरुवात करतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या टीममधली ज्युनियर या कामात माझ्यासोबत आहे, तिच्यासाठी म्हणून थोडं सविस्तर लिहितो, नंतर येणाऱ्यालाही उपयोग होईल.

पीसीआयचा इंटरप्ट म्हणजे एक तार. कार्ड ती खाली ओढून धरतं, काम झालं की सोडतं. लेव्हल ट्रिगर्ड, म्हणजे तार खाली आहे तोवर सीपीयूला इंटरप्ट येतच राहणार, आणि एकाच तारेवर अनेक डिव्हाइस असू शकतात. म्हणून प्रत्येक हँडलरने आपल्या डिव्हाइसचं स्टेटस रजिस्टर वाचायचं आणि आपलं काम असेल तर आयआरक्यू_हँडल्ड, नसेल तर आयआरक्यू_नन परत करायचं. सगळ्यांनीच 'माझं नाही' म्हटलं तर तो बेवारस इंटरप्ट. कर्नल यांचा हिशोब ठेवतो, १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की ती लाइनच बंद करतो. अजून एक बारकावा, दोन बेवारस इंटरप्टमध्ये एक दशांश सेकंदापेक्षा जास्त अंतर पडलं तर मोजणी परत एकपासून सुरू होते, म्हणजे तुरळक येणाऱ्या बेवारस इंटरप्टमुळे लाइन मरत नाही, सलग वादळ आलं तरच मरते.

लाइन बंद केल्यावरही कर्नल डिव्हाइसला अगदी वाऱ्यावर सोडत नाही, दर १०० मिलीसेकंदाला त्या लाइनवरचे हँडलर स्वतःहून चालवून बघतो. आणि इथेच आमचा तुटक ग्राफ सापडला. १०० मिलीसेकंदात येतात ८,००० सॅम्पल. फिफोत मावतात ४,०९६. उरलेली कार्डावरच वाया. म्हणजे ५१ मिलीसेकंदांचा डेटा सलग, मग जवळपास तेवढाच गायब, परत ५१ सलग. जुन्या फायली तपासल्या, ६० सेकंदांच्या टेस्टमध्ये ४८ लाख सॅम्पल हवीत, तुटक फायलींमध्ये साधारण निम्मी आहेत. जुळलं.

मॉड्यूल परत टाकल्यावर बरं का होतं तेही सापडलं. शेअर्ड लाइनवर नवा हँडलर नोंदवला जातो तेव्हा कर्नल बघतो की ही लाइन आपण आधी बेवारस म्हणून बंद केली होती का, केली असेल तर परत चालू करून तिला आणखी एक संधी देतो.

मला खरं खटकलं ते वेगळंच. कार्डावर 'फिफो ओव्हरफ्लो' असं स्पष्ट बिट आहे आणि जुना ड्रायव्हर ते वाचतच नाही. निम्मा डेटा हरवला तरी प्रोग्रामला काही कळत नाही, फाइल बनते, ग्राफ निघतो. ग्राफ डोळ्यांना तुटक दिसला म्हणून काकांच्या लक्षात आलं. ज्या टेस्टमध्ये फक्त कमाल फोर्सचा आकडा बघतात तिथे कुणाच्या लक्षात येणार? याच आकड्यांवर पार्ट पास की फेल ठरतो. इंटरप्टचं जे व्हायचं ते होवो, ओव्हरफ्लो वरपर्यंत कळलाच पाहिजे, हे कामाच्या यादीत सगळ्यात वर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वादळ का येतं? पहिला संशय आपल्याच कोडवर. हँडलर शेवटी कार्डाच्या रजिस्टरमध्ये 'इंटरप्ट पोचला' असं लिहितो आणि परततो. पण पीसीआयवरचं राइट पोस्टेड असतं, म्हणजे सीपीयूने लिहून टाकलं तरी ते कार्डापर्यंत लगेच पोचेल असं नाही, मध्ये ब्रिजच्या बफरमध्ये पडून राहू शकतं. हँडलर संपला, राइट अजून वाटेत, कार्ड तार धरूनच आहे, लगेच दुसरा इंटरप्ट, तोवर राइट पोचलं, स्टेटस कोरं, बेवारस. यावरचा उपाय जुनाच आहे, लिहिल्यावर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाचायचं, वाचन पुढे जायच्या आधी मागे अडकलेली सगळी राइट पोचतातच.

ते वाचन घातलं. कर्नलच्या प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक आयआरक्यूच्या फोल्डरला 'स्पुरियस' नावाची फाइल असते, त्यात काउंट, अनहँडल्ड आणि शेवटचा बेवारस कधी आला हे तिन्ही दिसतं, ती सारखी बघत बसलो. बेवारस थोडे कमी झाले पण मूळ दुखणं तसंच. टेस्ट चालू असताना सेकंदाला फार तर ३९ इंटरप्ट यायला हवेत (२,०४८ भागिले ८०,००० म्हणजे २५.६ मिलीसेकंदाला एक), आणि आकडा मधूनच हजारोंनी उडी मारतो, मग शांत, मग परत उडी. टेस्ट थांबवली की कधीकधी मोठी उडी आणि लाइन बंद.

ट्रेस लावून प्रत्येक उडीची लांबी बघितली तर एकही उडी २५-२६ मिलीसेकंदांच्या पुढे जात नाही. म्हणजे पुढचा खरा इंटरप्ट आला की वादळ आपोआप थांबतं! आणि टेस्टच्या शेवटी पुढचा इंटरप्टच नसतो, म्हणून तिथे वादळ थांबत नाही आणि लाखाची मोजणी पूर्ण होते. मेसेज नेहमी टेस्ट संपल्यावरच का येतो ते कोडं सुटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ऑसिलोस्कोप लावला. ट्रेसवरून ब्रिजवर संशय घेणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं, आणि ब्रिजवर आळ घ्यायचा तर मला पुरावा हवा होता.

एक्स्टेंडर कार्ड घालून कार्ड स्लॉटच्या वर उचललं, म्हणजे पिना हाताशी येतात. पीसीआय कनेक्टरवर ए६ ही पिन म्हणजे इंटरप्ट ए, तिथे पहिला प्रोब. दुसरा प्रोब कार्डाच्याच डिजिटल आउटपुट शून्यवर, आणि हँडलरमध्ये एक ओळ घातली की आत शिरलं की हे आउटपुट उलटं करायचं. म्हणजे वरच्या रेषेवर कार्ड काय म्हणतंय ते दिसणार आणि खालच्या रेषेवर सीपीयू केव्हा केव्हा धावत आला ते. राइट पोचायला थोडा उशीर होतो पण मायक्रोसेकंदांचा, आपल्याला चालतो.

नॉर्मल वेळी चित्र एकदम छान. वरची रेषा खाली जाते, खालची एकदा पलटते, वरची परत वर. मग ट्रिगर असा लावला की वरची रेषा वर असताना खालची पलटली तर पकड. टेस्ट सुरू केली, फार वेळ थांबावं लागलं नाही. स्क्रीनवर ए६ वर जाऊन स्थिर, कार्डाने तार कधीच सोडलीय, आणि खाली आउटपुटचा नुसता कंगवा, दर चार-पाच मायक्रोसेकंदाला हँडलर आत, स्टेटस वाचतोय, कोरं, बाहेर, परत आत. ज्युनियर शेजारी उभी होती, म्हणाली, "दादा, कार्ड तर गप्प बसलंय की."

कार्ड गप्पच आहे. बेल वाजवणारा केव्हाच निघून गेलाय, बटण आत अडकून बसलंय आणि घरात बेल वाजतेय. पीसीआय-एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची तार नसतेच. ब्रिज पीसीआयच्या बाजूला तार खाली गेली की वर 'असर्ट' असा मेसेज पाठवतो, तार वर गेली की 'डीअसर्ट'. वरच्या बाजूला या दोन मेसेजवरून एक आभासी तार धरली जाते. या ब्रिजचा डीअसर्ट मेसेज मधूनमधून निघतच नाही, मग वरच्या हिशोबात तार खालीच राहते आणि सीपीयूला इंटरप्ट येत राहतो. पुढचा असर्ट-डीअसर्ट झाला की हिशोब परत जुळतो.

फोटो काढून ठेवलेत. दुसरं त्याच मॉडेलचं बोर्ड मागवून बघितलं तर तिथेही तेच, म्हणजे एखादा नग खराब आहे असं नाही. हार्डवेअर आपण दुरुस्त करू शकत नाही, आता ड्रायव्हरला हे गृहीत धरूनच जगायचंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सोपे उपाय आधी बाजूला काढले. एमएसआय (तारेऐवजी मेसेजने दिलेला इंटरप्ट) वापरला असता तर तारेचा प्रश्नच नव्हता, पण कार्ड इतकं जुनं की त्याला एमएसआय माहीतच नाही. बूटच्या वेळी 'आयआरक्यूपोल' द्या असं तो नोबडी केअर्डचा मेसेजच सुचवतो, पण तो पर्याय मुळात चुकीच्या लाइनवर येणाऱ्या इंटरप्टसाठी आहे, आपली लाइन बरोबर आहे, अडकलेली आहे. 'नोआयआरक्यूडीबग' दिलं तर मोजणी बंद होते, वादळ नाही.

ज्युनियरने विचारलं, "दादा, आपण नेहमीच हँडल्ड परत केलं तर? कर्नलला बेवारस वाटणारच नाही." प्रश्न रास्त आहे आणि असे ड्रायव्हर जगात चालू आहेत, म्हणून तिला म्हटलं, बेंचवर करून बघ. केलं. टेस्ट थांबवल्यावर लाइन अडकली आणि चारपैकी एक कोअर शंभर टक्के इंटरप्टमध्येच गेला तो तिथेच राहिला, कारण थांबवणारं आता कुणीच नाही. त्या कोअरवर जे काम होतं ते लटकलं, एसएसएच (दुरून लॉगिन) अडखळायला लागलं.

पण यापेक्षाही माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. ती लाइन एकट्या आमची नाही. शेजारी एसएमबस आहे, उद्या दुसऱ्या बोर्डावर तिथे अजून काही असेल. कर्नलची ती मोजणी सगळ्यांच्या वतीने चाललेली असते आणि आमच्या ड्रायव्हरने खोटं बोलायचं ठरवलं तर बाकी सगळ्यांचं संरक्षण आम्ही काढून घेतो, आणि मग शेजारचं डिव्हाइस खरंच बिघडलं तर ते कधीच कुणाला कळणार नाही. स्टेटस कोरं असेल तर आयआरक्यू_ननच परत जाणार. या ड्रायव्हरमध्ये याला अपवाद नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डिझाइन ठरलं. आजवर ड्रायव्हर असं मानून चालायचा की इंटरप्ट आला म्हणजे डेटा आहे आणि नाही आला म्हणजे नाही. ते उलटं करायचंय. डेटा आहे की नाही हे फक्त कार्डाचं स्टेटस रजिस्टर सांगणार. इंटरप्टचं काम एवढंच की 'जरा बघून ये', आणि बघून यायला दुसरं कुणीही सांगू शकतं, उदाहरणार्थ टायमर.

म्हणून फिफो वाचणारा एकच थ्रेड (कर्नलमध्ये स्वतंत्र चालणारं काम). इंटरप्ट हँडलर स्टेटस बघतो, आपलं नसेल तर नन, आपलं असेल तर कार्डाचा इंटरप्ट कार्डावरच बंद करतो, एक वाचन करून ते राइट पोचवतो, थ्रेडला उठवतो आणि हँडल्ड. टायमरही थ्रेडला फक्त उठवतो. थ्रेड स्टेटस वाचतो, फिफो अर्धा भरलेला असेपर्यंत वाचत राहतो, मग कार्डाचा इंटरप्ट चालू करतो आणि चालू केल्यावर परत एकदा स्टेटस बघतो, कारण मधल्या फटीत फिफो भरला असेल तर तो निसटायला नको. वाचणारा एकच असल्यामुळे फिफोवर लॉकची भानगडच उरत नाही. आधी हँडलर १,०२४ वेळा (एका वाचनात दोन सॅम्पल) ब्रिजपलीकडे वाचायचा, एका वाचनाला सव्वा मायक्रोसेकंद धरला तरी सव्वा मिलीसेकंद इंटरप्टच्या आतच बसलेला असायचा, तेही सुटलं.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. कर्नलमधला ८२५० सिरीयल ड्रायव्हर बघा, काही यूएआरटी (सिरीयल पोर्टच्या चिप) ट्रान्समिटचा इंटरप्ट द्यायला विसरतात, त्यांच्यासाठी तिथे कित्येक वर्षांपासून बॅकअप टायमर आहे, आणि आयआरक्यूच नसेल तर तो ड्रायव्हर सरळ टायमरवर चालतो. एनव्हीएमई (एसएसडीच्या) ड्रायव्हरमध्येही कमांडचा टाइमआउट झाला की आधी कंप्लीशन क्यू (पूर्ण झालेल्या कामांची यादी) स्वतः वाचून बघतात, काम झालेलं सापडलं तर 'कंप्लीशन पोल्ड' असं लॉगमध्ये लिहून पुढे जातात. रोज वापरातल्या, कोट्यवधी मशीनवर चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये हे आहे, तेव्हा पोलिंग, म्हणजे इंटरप्टची वाट न बघता ठराविक वेळाने स्वतःच बघून येणं, हे काहीतरी कमीपणाचं असं मानायचं कारण नाही.

मोड दोन. चांगल्या बोर्डावर इंटरप्ट मोड, सोबत बॅकअप टायमर. या ब्रिजवर पोल मोड, कार्डाचा इंटरप्ट कायमचा बंद आणि दर ५ मिलीसेकंदाला थ्रेड उठणार. तार कधी खाली जाणारच नाही तर अडकणार काय? हिशोब, फिफो अर्धा भरल्यापासून पूर्ण भरायला २५.६ मिलीसेकंद, आपण जास्तीत जास्त ५ उशिरा पोचणार, म्हणजे २० ची सवड. थ्रेड रिअल-टाइम प्रायॉरिटीवर ठेवला तर पुरेशी आहे. आणि पाचपैकी चार वेळा नुसतं एक रजिस्टर वाचून झोपायचं, त्याचा भार नगण्य.

ब्रिज ओळखायचा कसा? कार्ड ज्या बसवर आहे तिचा पालक ब्रिज कर्नलकडून मिळतो, त्याचा व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी आमच्या छोट्या टेबलशी ताडायचा. शिवाय मॉड्यूलला पॅरामीटर, ऑटो, इंटरप्ट किंवा पोल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पोल मोड चालू झाला, पण पहिल्याच लोडला वादळ! कारण लाइन आधीपासूनच अडकलेली होती, आधीच्या ड्रायव्हरच्या टेस्टमुळे. कार्डाचा इंटरप्ट बंद केल्याने अडकलेली लाइन सुटत नाही, कार्डाने तार सोडलेलीच आहे, आणखी काय सोडणार.

उपाय १४ तारखेच्या नोंदीतच आहे, पुढचा असर्ट-डीअसर्ट झाला की हिशोब जुळतो. कार्डाच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये सॉफ्टवेअर इंटरप्टचं बिट आहे, टेस्टिंगसाठी ठेवलेलं. ते एक करायचं, वाचून राइट पोचवायचं, १० मायक्रोसेकंद थांबायचं, शून्य करायचं, परत वाचायचं. आम्ही याला 'टिचकी' म्हणतो, कोडमध्येही कमेंटला तेच नाव आहे. एका टिचकीने बहुतेक वेळा लाइन सुटते, नाही सुटली तर दुसरी. आता लोड होताना आणि मॉड्यूल निघताना, दोन्हीकडे टिचकी आहे, म्हणजे आपण मागे अडकलेली लाइन ठेवून जात नाही.

इंटरप्ट मोडमध्येही ही युक्ती घातली. १०० मिलीसेकंदात २०,००० पेक्षा जास्त वेळा नन परत करावं लागलं तर थ्रेड टिचकी मारतो आणि हे परत परत व्हायला लागलं तर स्वतःहून पोल मोडवर जातो आणि लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो. एसएमबसचे इंटरप्ट या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत आणि कर्नलच्या ९९,९०० च्या कितीतरी आधी आपण हलतो. यात एक खाच, वादळ ज्या कोअरवर आहे तिथे थ्रेडला जागाच मिळत नाही, म्हणून थ्रेडला इंटरप्टच्या कोअरपासून वेगळा कोअर दिला. हे केलं नाही तर टिचकी मारणाराच वादळाखाली दबलेला असतो.

अजून एक लिहून ठेवतो, हँडलरच्या आतून डिसेबल_आयआरक्यू कधीच बोलवायचं नाही, ते चालू हँडलर संपायची वाट बघतं आणि हँडलर त्याची, मशीन तिथेच थिजतं. वाट न बघणारा नोसिंक वाला प्रकार त्यासाठीच आहे, पण शेअर्ड लाइन असेल तर तोही शेजाऱ्याचा गळा दाबतो, त्यामुळे आपण कार्डावरच बंद करतो, लाइनला हात लावत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पोलिंगवर गेल्यामुळे एक नवीन प्रश्न आला आणि तो लॅबच्या सरांनी विचारला हे विशेष. जुना ड्रायव्हर प्रत्येक ब्लॉकला इंटरप्ट आला ती वेळ चिकटवायचा. आता ब्लॉक ५ मिलीसेकंदांपर्यंत उशिरा उचलला जातो, मग वेळ चुकणार नाही का? रिग १.५ हर्ट्झवर चालते, फोर्स आणि व्हेलॉसिटीचा आलेख काढताना रिगच्या पोझिशनशी मेळ बसवावा लागतो, ५ मिलीसेकंद म्हणजे तिथे जवळपास २.७ अंश.

खरं म्हणजे इंटरप्टची वेळही कधी बरोबर नव्हतीच, इंटरप्ट पोचायला लागणारा वेळ बदलता असतो. सॅम्पल कधी घेतलं हे कार्डाचा क्रिस्टल ठरवतो. म्हणून वेळ आता सॅम्पलच्या क्रमांकावरून काढतो, सुरुवातीची एक वेळ आणि पुढे क्रमांक भागिले १०,०००. ब्लॉक केव्हा उचलला याच्याशी वेळेचा संबंधच नाही. पोझिशन एन्कोडर त्याच कार्डाच्या चॅनलवर आहे, त्यामुळे फोर्सशी मेळ आपोआप. सरांना जुन्या आणि नव्या पद्धतीचे लूप एकावर एक ठेवून दाखवले, नव्या लूपच्या रेषा जास्त नीट एकावर एक बसतात. सर म्हणाले, "मग हे आधीपासूनच असं का नव्हतं?" जुन्या ड्रायव्हरच्या काळात कुणाला गरज पडली नसेल.

पण या पद्धतीत सॅम्पल हरवलं तर पुढचं सगळं सरकतं. म्हणून ओव्हरफ्लोचं बिट आता प्रत्येक वेळी वाचतो, ते लागलं तर मोजणी वाढवतो, ॲप्लिकेशनला रीडवर एरर देतो आणि टेस्ट तिथेच थांबते. काकांना सांगितलं की यापुढे अर्धी फाइल बनणार नाही, एक तर पूर्ण बनेल नाहीतर स्क्रीनवर लाल पट्टी येईल. ते म्हणाले, "लाल पट्टी आली की तुम्हाला फोन करतो." चालेल, करा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मागच्या फायलींचं काम. पीसी बदलल्यापासूनच्या सगळ्या टेस्टवर ज्युनियरने छोटी स्क्रिप्ट चालवली, कालावधी गुणिले ८०,००० आणि फाइलमधली सॅम्पल, फरक असेल तर यादीत. यादीत काही अशा टेस्ट निघाल्या ज्यांत फक्त कमाल फोर्स बघून पास दिला होता आणि ग्राफ कुणी उघडलाच नव्हता, ११ तारखेला भीती होती तेच. यादी सरांकडे दिली, ते पार्ट परत रिगवर लावणार आहेत. सुदैवाने अजून कुठला पार्ट बाहेर गेलेला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

शुक्रवारी संध्याकाळी रिग डमी लोडवर, पोल मोडमध्ये, टेस्ट सुरू-बंद करणारी स्क्रिप्ट लावून सोडली होती. मुद्दाम छोट्या टेस्ट ठेवल्या, कारण धोका प्रत्येक टेस्टच्या शेवटी असतो. सकाळी बघितलं, ओव्हरफ्लो शून्य, नोबडी केअर्ड कुठेच नाही, १७ नंबरच्या लाइनवर फक्त एसएमबसचे तुरळक इंटरप्ट. थ्रेडला सगळ्यात जास्त उशीर झाला तो ३ मिलीसेकंदांच्या आत. लाइन बंद पडली की मेमरी मॉड्यूलवरचा तापमान सेन्सर वाचायला जो वेळ लागायचा तोही गेला, म्हणजे शेजाऱ्याचंही भलं झालं.

मग त्याच बोर्डावर पॅरामीटरने जबरदस्तीने इंटरप्ट मोड लावला. वादळ आलं, टिचकी बसली, परत आलं, ड्रायव्हर स्वतः पोल मोडवर गेला, लॉगमध्ये ओळ आली, चालू टेस्टचं एकही सॅम्पल गेलं नाही. हे मला पोल मोड नीट चालण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण उद्या आमच्या टेबलमध्ये नसलेला ब्रिज आला तरी डेटा वाचेल.

कोड मुख्य ब्रँचमध्ये घेतला. रीडमीत तीन गोष्टी घातल्या, स्कोपचे फोटो, टिचकी का आहे त्याचा परिच्छेद, आणि हँडलरमधून खोटं हँडल्ड परत करू नका ही ओळ कारणासकट. दुसऱ्या रिगचा पीसी पुढच्या आठवड्यात बदलणार आहेत. तिथलं बोर्ड वेगळं आहे म्हणतात, ब्रिज कुठला ते बसवायच्या आधी कळलं तर बरं, म्हणून काकांना सांगितलंय की नवीन बोर्ड आलं की आधी नुसतं टेबलावर चालू करून एलएसपीसीआयचं (पीसीआय डिव्हाइसची यादी देणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाठवा, कार्ड नंतर लावू.